स्वतःचं गाणं लोकांपर्यंत कसं न्यायचं? मराठी स्वतंत्र कलाकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहतो. गाणी लिहितो, चाली लावतो, गातो. पाठीशी कुठलीही कंपनी नसताना गाणी लोकांपर्यंत नेण्यात बारा वर्षं गेली. त्यामुळे नव्या मुलामुलींचे मेसेज सतत येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. पहिलं गाणं हातात असलेल्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाणं रेकॉर्ड झालंय, मिक्स झालंय. आता सगळ्यात आधी काय करू?

लगेच कुठे टाकू नका. आधी एक वही घ्या आणि तुमचं गाणं कधीतरी थांबून ऐकलेल्या पन्नास माणसांची नावं लिहा. कॉलेजच्या गॅदरिंगमधली मैत्रीण, सोसायटीच्या गणपतीत "परत म्हण रे" म्हणणारे काका, मामेभाऊ, क्लासचे सर. आई-वडील धरू नका, ते ऐकणारच आहेत.

मग एकेकाला वेगळा मेसेज करून गाणं पाठवा आणि एकच गोष्ट विचारा : कुठली ओळ परत ऐकावीशी वाटली? "कसं वाटलं?" विचारलंत की "मस्त" एवढंच उत्तर येतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. ओळ विचारली की माणूस खरोखर ऐकतो. पन्नासातल्या पंधरा जणांनी एकच ओळ सांगितली, तर रील त्या ओळीची करायची. मी स्वतः नेहमी ध्रुवपदच पुढे करायचो. लोकांनी दोन वेळा दुसऱ्या कडव्यातली ओळ सांगितली आणि दोन्ही वेळा तेच बरोबर निघालं.

२. स्वतःची जाहिरात स्वतःच करणं बरं दिसत नाही. गाणं चांगलं असेल तर आपोआप पोचेल ना?

हा संकोच मला समजतो, पण आपल्या परंपरेत तो कधीच नव्हता. "तुका म्हणे", "नामा म्हणे" ही नाममुद्रा अभंगाच्या शेवटी असते. शाहिरांनीही कवनात आपलं नाव गुंफलं. छापखाना नव्हता, गाणं तोंडोतोंडी जायचं, म्हणून रचणाऱ्याचं नाव रचनेतच बसवलेलं असायचं. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी तिथे येऊन जत्रेची सुपारी देतात. राहुटी टाकून बसायला कुठल्या फडमालकाला कमीपणा वाटत नाही.

तुम्ही एवढंच करा. कार्यक्रमात सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी आपलं नाव स्पष्ट सांगा. व्हिडिओत नाव लिहिलेलं दिसू द्या. गाणं आवडलं पण कोणाचं ते कळलं नाही, असं म्हणणारे श्रोते मला दर कार्यक्रमानंतर भेटतात. ती सगळी माणसं त्या त्या कलाकाराने गमावलेली असतात.

३. स्पॉटिफाय, जिओसावन, ॲपल म्युझिकवर गाणं कसं जातं? थेट अपलोड करता येतं का?

थेट जात नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुमचं गाणं सगळ्या ॲपवर पोचवणारी कंपनी, लागतो. काही डिस्ट्रिब्युटर वर्षाची फी घेतात, काही फुकट टाकून उत्पन्नातला वाटा घेतात. वार्षिक फीवाल्यांकडे एक गोष्ट आधीच विचारून घ्या : फी भरायची राहिली तर गाणी उतरवणार का? पुष्कळ जण उतरवतात.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळतो. डिस्ट्रिब्युटर तो सहसा स्वतःच देतो. तो वहीत लिहून ठेवा; का, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

४. गाण्याचं नाव देवनागरीत टाकू की रोमनमध्ये?

लोक शोधताना काय टाइप करतील, त्यावरून ठरवा. "पाऊस" हा साधा शब्द रोमनमध्ये निदान चार प्रकारे लिहिला जातो. म्हणून गाण्याचं मुख्य नाव एका लिपीत आणि एकाच स्पेलिंगने सगळीकडे ठेवा. यूट्यूबवर शीर्षकात दोन्ही लिप्या द्या आणि खाली वर्णनात पूर्ण शब्द देवनागरीत टाका. गाणं ऐकून नाव न कळलेला माणूस ओळीचे शब्द टाइप करून शोधतो. ते शब्द तिथे लिहिलेले असले तरच त्याला तुम्ही सापडाल.

स्वतःच्या नावाचंही तसंच. तुमचं नाव-आडनाव सर्रास आढळणारं असेल, तर तुमचं गाणं भलत्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसण्याची दाट शक्यता असते. पहिल्या गाण्याआधीच सगळ्या ॲपवर आपलं नाव शोधून बघा. दुसरा कोणी सापडला तर मधलं नाव, गावाचं नाव किंवा टोपणनाव जोडा.

५. रिलीजची तारीख कशी ठरवायची?

डिस्ट्रिब्युटरकडे गाणं निदान चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवण्याची सोय "स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स"मध्ये आहे, पण ती फक्त रिलीज न झालेल्या गाण्यासाठी. किमान सात दिवस आधी सुचवलंत तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या "रिलीज रडार" या नव्या गाण्यांच्या यादीत ते गाणं जातं. अमुक वाराला केलं की गाणं चालतं, असं मला तरी कधी आढळलं नाही.

सणाच्या गाण्याचं गणित मात्र निराळं. गणपतीचं गाणं चतुर्थीच्या आदल्या दिवशी आलं तर कोणाच्याच कामाचं नाही. बँजो पार्ट्या, ब्रास बँड आणि डीजेवाले आपली यादी आधी बसवतात, तालमी करतात. त्यांच्या हातात गाणं महिनाभर आधी पडलं पाहिजे. कोकणात आणि कोल्हापूर भागात एखाद्या चांगल्या बँजो पार्टीने तुमची चाल उचलली, तर ती मिरवणुकीत जितक्या कानांवर जाते तितकी कुठल्याही प्लेलिस्टने जाणार नाही. त्यासाठी गाण्याचा गायनाशिवायचा ट्रॅक आणि सूर-पट्टी लिहिलेली चिठ्ठी सोबत द्या. शिवजयंती, १४ एप्रिल, आषाढी वारी, लग्नसराई, दिवाळी पहाट, सगळीकडे हाच हिशेब.

६. रोज रील टाकलीच पाहिजे का? मला ते जमत नाही.

रोज नाही. आठवड्याला दोन, पण वर्षभर न चुकता. रोज टाकायला जाणारे बहुतेक जण दोन महिन्यांत थकून थांबतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

काय टाकायचं? एका गाण्यातून सात-आठ गोष्टी निघतात : ती एक ओळ (प्रश्न १), चाल सुचली तेव्हाचं फोनमधलं कच्चं रेकॉर्डिंग, हार्मोनियमवर तेच गाणं, एखाद्या शब्दाचा अर्थ, ढोलकीवाला तुकडा बसवताना. शब्द मोठ्या अक्षरात, देवनागरीत पडद्यावर आणा. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात. आणि पहिल्या दोन सेकंदांत गाणं सुरू करा. "नमस्कार मित्रांनो" नंतर.

७. रीलला लाखभर व्ह्यूज आले, पण कार्यक्रमाला अकरा माणसं आली. असं का होतं?

कारण त्या लाखांतली एकही व्यक्ती तुमच्या ओळखीची नाही. ती त्या ॲपच्या ओळखीची आहे. ॲपने दाखवलं म्हणून तिने पाहिलं, उद्या नाही दाखवलं तर पाहणार नाही. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या किती कलाकारांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले, ते आठवा. विंक म्युझिक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं. गाण्यासाठी ॲप वापरायचीच आहेत, पण श्रोता त्यांच्या ताब्यात ठेवून चालणार नाही. या सगळ्या प्रश्नोत्तरांतलं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मी काय करतो ते सांगतो. दर कार्यक्रमाला एक दोनशे पानी लांब रजिस्टर घेऊन जातो. त्यात चार रकाने आखलेले असतात : नाव, गाव, व्हॉट्सॲप नंबर, आवडलेलं गाणं. दोऱ्याने पेन बांधलेलं असतं, कारण सुटं पेन पहिल्या दहा मिनिटांत गायब होतं. क्यूआर कोडही ठेवतो, तरुण मुलं तो वापरतात. पण पन्नाशीपुढची माणसं हाताने लिहितात आणि तेच श्रोते तिकीट काढतात. रजिस्टर शेवटी दाराशी ठेवत नाही, त्या वेळी सगळ्यांना चप्पल आणि गाडी दिसत असते. कार्यक्रमाचा पाऊण भाग झाला की एक गाणं थांबवून सांगतो, "पुढचं गाणं होईपर्यंत ही वही तुमच्या रांगेतून फिरेल," आणि पहिल्या रांगेत देतो.

कराडजवळच्या एका कार्यक्रमात एका आजोबांनी चौथ्या रकान्यात लिहिलं होतं : "तिसरं गाणं. माझ्या भावासाठी परत पाठवा." मी ते पाठवलं. पुढच्या वर्षी त्यांच्या गावच्या जत्रेत मला बोलावणं आलं, तेव्हा कळलं की भाऊ यात्रा कमिटीत होते. सगळ्याच नोंदींतून असं घडत नाही, पण चौथा रकाना त्या दिवसापासून मी कधी गाळला नाही.

अशी तीनशे नावं झाली आणि ती गावांप्रमाणे लावली, की कुठल्या गावात कार्यक्रम ठेवायचा ते रजिस्टरच सांगतं. साताऱ्यात ऐंशी आणि सांगलीत सहा नावं असतील तर सांगलीत हॉल घ्यायचा नाही.

८. व्हॉट्सॲपवर ग्रुप करू, ब्रॉडकास्ट करू की चॅनल?

ग्रुप नको. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. तुमच्या विश्वासावर नंबर दिलेल्या एखाद्या मुलीला अनोळखी माणसाचे मेसेज सुरू झाले, तर तो दोष तुमचा आहे. शिवाय ग्रुपवर आठवडाभरात सुप्रभात सुरू होतं.

ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण मावतात आणि मेसेज प्रत्येकाला खाजगी आल्यासारखा दिसतो. मात्र ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो पोचतो. म्हणून रजिस्टर फिरवतानाच माझा नंबर मोठ्याने सांगतो आणि तिथल्या तिथे सेव्ह करायला लावतो. चॅनल एकतर्फी असतं, नंबर कोणाला दिसत नाहीत, संख्येची अडचण नाही. पण तिथे माणूस तुम्हाला उलट लिहू शकत नाही. माझं मत : पहिल्या हजार माणसांपर्यंत ब्रॉडकास्टच, यादी कापून चार-पाच करा.

९. श्रोत्यांना काय पाठवायचं, किती वेळा?

महिन्यातून एक किंवा दोन मेसेज, त्याहून जास्त नाही. "नवीन गाणं आलंय, लाइक-शेअर-सबस्क्राइब करा" हा मेसेज लोक न वाचताच पुढे जातात. त्याऐवजी त्यांना असं काही द्या जे बाहेर कुठे मिळणार नाही : गाणं यायच्या चार दिवस आधी फक्त त्यांना ऐकायला, लिहिताना खोडलेलं कडवं, वहीच्या पानाचा फोटो.

उलट आलेल्या प्रत्येक मेसेजला उत्तर द्या, उशिरा का होईना. आणि ज्याने "आता मेसेज नको" म्हटलं, त्याचं नाव त्याच दिवशी काढा.

१०. स्वतःचा पहिला कार्यक्रम तिकीट लावून करू की फुकट?

पहिला घरगुती करा. कोणाच्या तरी हॉलमध्ये, गच्चीवर, वाचनालयात, वीस-पंचवीस माणसांसाठी, माईक नसला तरी चालेल. खुर्चीला पन्नास रुपये लावा. पन्नास रुपयांत खर्च निघणार नाही, पण पैसे देऊन आलेला माणूस वेळेवर येतो आणि मध्ये उठत नाही. फुकटच्या कार्यक्रमाला "येतो" म्हणणाऱ्यांतले निम्मे येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मोकळ्या जागेत स्पीकर लावणार असाल तर लक्षात ठेवा : ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. ठरावीक दिवसांपुरतीच शासन रात्री १२ पर्यंत सवलत देतं. आपल्याकडे कार्यक्रम उशिरा सुरू होतात आणि १० ला पोलीस येतात. त्यामुळे सगळ्यात चांगलं गाणं शेवटासाठी राखून ठेवू नका, सव्वानऊला घ्या.

११. मंडळं बोलावतात, पण मानधन विचारलं की "प्रसिद्धी मिळेल" म्हणतात. काय करू?

वर्षात दोन-तीन कार्यक्रम बिनपैशाचे करायला हरकत नाही, पण ते कुठले ते तुम्ही ठरवा : गावची शाळा, एखादी आपुलकीची संस्था. बाकीच्यांना आकडा सांगा. आकडा काढताना प्रवास, साथीदारांचं मानधन, जेवण, गाडीचं डिझेल आधी मांडा आणि त्यावर तुमचं. तबलजी आणि ढोलकीवाल्याला कबूल केलेली रक्कम तुम्हाला पैसे मिळोत न मिळोत द्यायचीच, म्हणून विसार घेतल्याशिवाय तारीख धरू नका. निम्मी रक्कम आधी, उरलेली स्टेजवर चढण्यापूर्वी. "नंतर देतो" म्हणणाऱ्या एका आयोजकाने मला आठ महिने फिरवलं आणि शेवटी साथीदारांचे पैसे मी घरातून दिले. तेव्हापासून वेळ, पैसे, साउंड कोणाचा, जेवण-मुक्काम हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतो आणि समोरच्याकडून "मान्य" असं उत्तर येईपर्यंत थांबतो.

एखाद्या कंपनीने बोलावलं तर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापून पैसे येतात. ते बुडालेले नसतात. पॅन नंबर द्या, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरा.

१२. स्ट्रीमिंगमधून किती पैसे मिळतात?

सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. दर स्ट्रीमला ठरलेली रक्कम नसते. महिन्याच्या एकूण उत्पन्नातून वाटा पडतो आणि फुकट ऐकणाऱ्यामागे तो अगदी थोडा असतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झालेल्या गाण्यालाच रेकॉर्डिंगचे पैसे मिळतात. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात.

पण एक पैसा पुष्कळ जण सोडून देतात. गाणं लिहिणाऱ्याची आणि चाल लावणाऱ्याची रॉयल्टी डिस्ट्रिब्युटर देत नाही, ती आयपीआरएसकडून (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) येते. ही संस्था १९६९ पासून आहे. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा हा रॉयल्टीचा हक्क वारस किंवा अशी कॉपीराइट संस्था सोडून कोणाला लिहून देताही येत नाही. तुम्ही लिहिता किंवा चाल लावता तर सभासद व्हा आणि प्रत्येक गाण्याची नोंद करा. नुसती सभासदी घेऊन गाणी नोंदवलीच नाहीत, तर काही येत नाही.

१३. पाच हजारांत दहा हजार स्ट्रीम देतो म्हणणाऱ्यांकडून घेऊ का?

घेऊ नका. ते स्ट्रीम माणसांचे नसतात. स्पॉटिफायला ते कळतं, मग गाणं उतरवलं जाऊ शकतं आणि अशा गाण्यांपायी डिस्ट्रिब्युटरला दंड बसतो. तो तुमच्याकडून वसूल होतो. त्याहून मोठं नुकसान असं की तुमचं गाणं कोणाला आवडतं हेच ॲपला आणि तुम्हाला दोघांनाही चुकीचं समजतं.

१४. मग जाहिरातीवर पैसे घालूच नयेत?

घालावेत, पण आधीच चाललेल्या व्हिडिओवर. इतर रीलपेक्षा दुप्पट-तिप्पट चाललेली एखादी रील निवडा, दोन-तीन जिल्हे निवडा, रोज शंभर-दीडशे रुपये आठवडाभर. कार्यक्रम कोल्हापुरात असेल तर जाहिरात कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूरलाच दाखवा. न चाललेली रील पैशाने चालत नाही.

१५. दुसऱ्यांची गाणी गाऊन चॅनल वाढवू का?

वाढतं, पण श्रोता त्या गाण्याचा असतो, तुमचा नव्हे. दोन जुनी, एक आपलं, असा क्रम ठेवलात तर थोडे तरी तुमच्याकडे वळतात.

कायद्याच्या बाजूने : यूट्यूबवर कव्हर टाकलंत की बहुतेक वेळा कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम येतो. हक्कदार कंपनी जाहिरातीचे पैसे घेते किंवा व्हिडिओ बंद करते, तो तिचा निर्णय. क्लेम आणि स्ट्राइक यांत गल्लत करू नका. क्लेमने चॅनलला धक्का लागत नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला जाणं; ९० दिवसांत अशा तीन आल्या तर चॅनल जातं. कॉपीराइट कायद्यातलं ३१ सी हे कलम कव्हरला परवानगी देतं, पण मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, आधी नोटीस द्यावी लागते आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. एकट्या गायकाच्या आवाक्यातलं ते नाही. स्पॉटिफायवर टाकायचं असेल तर हक्कदाराची लेखी परवानगी मिळवा.

लग्नात आणि लग्नाच्या वरातीत गायला परवाना लागत नाही, कायद्यातच तशी सूट आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमात दुसऱ्यांची गाणी असतील तर परवाना लागतो. तो आयोजकाने घ्यायचा, हे ठरवतानाच बोलून घ्या.

१६. संतांचे अभंग आणि जुन्या कविता तर कोणाच्याच मालकीच्या नाहीत ना?

शब्द आणि चाल वेगवेगळे बघा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण तुमच्या कानात बसलेली चाल बहुधा कोणीतरी अलीकडे लावलेली असते. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत राहणार, कारण आपल्याकडे मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजतात. तोच अभंग तुम्ही स्वतःच्या चालीत म्हटलात तर कोणाला विचारायची गरज नाही. वारकरी फडांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पारंपरिक चालीही वापरता येतात.

कवितांनाही तोच हिशेब. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ मध्ये निघालं, म्हणून त्या ओव्यांना आज कोणीही चाल लावू शकतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, सुरेश भट २००३ मध्ये. त्यांच्या ओळी घ्यायच्या तर हक्कदारांची परवानगी हवीच. पुस्तकातली कविता आहे, गाणं थोडंच आहे, असं म्हणून चालत नाही.

१७. डिस्ट्रिब्युटर बदलला तर जुने स्ट्रीम जातात का?

तोच आयएसआरसी, तीच ऑडिओ फाइल, नावाचं तेच स्पेलिंग ठेवलंत तर सहसा जात नाहीत. आधी नव्याकडून गाणं चढू द्या, दोन्हीकडचे आकडे एक झालेले दिसू द्या, मगच जुन्याकडून उतरवा. घाईत उलट केलं की प्लेलिस्टमधून गाणं निघून जातं.

१८. माझ्याच गाण्यावर माझ्याच व्हिडिओला कॉपीराइट क्लेम आला! हे काय?

घाबरू नका. बहुतेक वेळा तुमच्याच डिस्ट्रिब्युटरने तुमच्या वतीने गाणं कंटेंट आयडीत टाकलेलं असतं आणि यूट्यूब तुमच्या चॅनलला ओळखत नाही. डिस्ट्रिब्युटरला चॅनलची लिंक पाठवून ते चॅनल वगळायला सांगा.

दुसरं कारण जास्त त्रासाचं. तुम्ही नेटवरून बीट (तयार वाद्यसंगीत) विकत घेतली, पण ती फक्त तुम्हाला नव्हे, पन्नास जणांना विकलेली आहे. त्यातल्या एकाने आपलं गाणं कंटेंट आयडीत टाकलं की बाकीच्या एकोणपन्नासांना क्लेम जातो. रॅप करणाऱ्या मुलांचा हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. अशी बीट वापरली असेल तर पावती आणि परवान्याची पीडीएफ जोडून हरकत घ्या, आणि तुम्ही स्वतः त्या गाण्यासाठी कंटेंट आयडी चालू करू नका.

१९. शब्द मित्राचे, चाल माझी, संयोजन तिसऱ्याचं. गाणं चाललं आणि आता वाद सुरू झालाय.

वाद सुरू झाल्यावर कागद करणं फार अवघड जातं, म्हणून पुढच्या गाण्यापासून स्टुडिओत शिरण्याआधीच एक पान लिहा : शब्द कोणाचे, चाल कोणाची, संयोजन कोणाचं, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला, कोणाला किती टक्के. खाली सगळ्यांच्या सह्या, तारीख. संयोजकाला एकरकमी पैसे दिले असतील तर तसं लिहा. आत्ताच्या गाण्यासाठी तिघांनी बसा, कोणाला किती टक्के ते ठरवा आणि आयपीआरएसच्या नोंदीत तिघांनीही वाटणीचे तेच आकडे भरा. नोंदी जुळल्या नाहीत तर पैसे अडकून पडतात आणि कोणालाच मिळत नाहीत.

२०. मी मालवणीत / अहिराणीत / वऱ्हाडीत गातो. प्रमाण मराठीत गायला हवं का?

नको. अहिराणी गाण्यांनी यूट्यूबवर आणि खानदेशातल्या लग्नांत जे स्थान मिळवलं, ते त्या बोलीमुळेच. बोलीत ऐकणारा माणूस गाणं स्वतःचं मानतो, नातेवाइकांना पाठवतो, पुण्या-मुंबईत राहणाऱ्या गाववाल्याला पाठवतो. बाहेरच्यांसाठी शब्दांचा अर्थ खाली लिहा, तेवढं पुरे.

२१. परदेशातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लोकांपर्यंत कसं पोचू?

लगेच विमानाचं स्वप्न नको. आधी बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदे. तिथे मराठी श्रोता जुना आणि जाणता आहे. परदेशात महाराष्ट्र मंडळं आहेत : लंडनचं १९३२ पासूनचं, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही शिखरसंस्था १९८१ ची, तिचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. पण या मंडळांच्या कार्यकारिणी दर काही वर्षांनी बदलतात, ईमेलला उत्तर येईलच असं नाही. तिथे राहणारा एखादा तुमचा श्रोता मंडळात शब्द टाकतो तेव्हा काम होतं. म्हणून रजिस्टरमध्ये कोणी "मुलगा न्यू जर्सीला असतो" म्हणालं तर तेही लिहून ठेवा, आणि त्या मुलाला गाणं पाठवायला आई-वडिलांनाच सांगा.